शेवंतीने ओळखलेला खुनी

शेवंती भोईरला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे तिचं स्वतःचं मत, आणि कोपरी गावात तिच्या मताच्या आड जायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे. टीव्हीवर खुनाची मालिका लागली की पहिली जाहिरात यायच्या आत ती सोफ्यावरून बोट रोखून सांगायची, "ह्यानीच केला." आणि त्यानेच केलेला असायचा. चाळीतल्या भाडेकरूची सायकल कुणी नेली, टाकीचं झाकण कुणी विकून खाल्लं, कुणाची पोरगी कुणाबरोबर पळणार, हे सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. पळून जायचं तर कधीकधी त्या पोरीच्याही आधी.

भोईरांची एके काळी खाडीकडे भातशेती होती, मिठागरावर काम होतं. आता तिथे बिल्डिंगी उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीच्या पहिल्या मजल्यावर शेवंतीचं राज्य आहे. नवरा गेल्यावर तिने ते हातात घेतलं, आणि मग दुसऱ्या कुणाच्या हातात दिलंच नाही. मुलगा गोविंदा टेम्पोंचा धंदा बघतो, सून विनिता पतपेढीत नोकरी करते, पण दारात आलेल्या पाहुण्याने कोणत्या खुर्चीत बसायचं हे शेवंती ठरवते. बाई वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, शेजारच्या बाळंतिणीला न मागता डिंकाचे लाडू पोचवते. फक्त तिला "का?" म्हणून विचारलेलं खपत नाही.

आणि नयनने नेमकं तेच विचारलं.

नयन म्हणजे गोविंदाची मुलगी, नववीत शिकणारी, शेवंतीची एकुलती एक नात आणि जीव की प्राण. तिच्या शाळेत नाटकं बसवणारे साईनाथ सर डोंबिवलीला शनिवार-रविवार मुलांचा नाट्यवर्ग चालवतात. तिथे वर्षभर शिकायचं आणि उन्हाळ्यात मोठ्या थिएटरात नाटक करायचं. सरांनी अख्ख्या शाळेतून एकाच मुलीला विचारलं होतं, ती नयन. गोविंदा म्हणाला, आईला विचार. विनिता काहीच म्हणाली नाही. शेवंती म्हणाली, "नाय जायचं."

"पण का, आजी?"

"शालेत कर काय करायचं ते. डोंबिवलीला कशाला?"

हे कारण नव्हतं, हे नयनलाही कळलं आणि शेवंतीलाही. खरं सांगायचं तर कारण तिच्याकडे नव्हतंच. तोंडातून 'नाही' निघून गेलं होतं, आणि निघालेलं 'नाही' परत घेतलं तर उद्या घरात कोण ऐकेल, एवढीच तिची अडचण होती.

नयन रडली नाही, रुसली नाही. आजीचंच पाणी होतं ते. ती शांतपणे जेवली, शाळेत जात राहिली, आणि एक दिवस संध्याकाळी आजीच्या शेजारी येऊन बसली.

"आजी, गॅदरिंगला आमचं मर्डर मिस्ट्रीचं नाटक आहे. मध्यंतरापर्यंत खुनी ओळखलास तर मी पुन्हा डोंबिवलीचं नाव काढणार नाही. नाही ओळखलास तर मी जाणार."

शेवंतीला इतकं हसू आलं की ठसका लागला. विनिताने पाणी आणून दिलं.

"अगो, शालेतली पोरा मना फसवतील?"

"मग घाबरतेस कशाला? दे टाळी."

शेवंती शब्दाची पक्की होती. दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता, म्हणून तो देताना ती फार जपून द्यायची. ह्या वेळी मात्र जपायची गरजच तिला वाटली नाही. तिने टाळी दिली.

गॅदरिंगच्या दिवशी ती ठेवणीतली साडी आणि गळ्यात पुतळ्यांची माळ घालून निघाली. आपला विजय बघायला घरचं माणूस हवं म्हणून धाकटी बहीण शालू हिला तिने शीळफाट्याहून बोलावून घेतलं होतं. गोविंदाला पनवेलचं भाडं होतं, त्यामुळे बरोबर फक्त विनिता. शाळेच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर 'पाहुण्यांसाठी राखीव' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. शेवंतीने मधली चिठ्ठी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि बसली. तिला उठवायला एक शिक्षिका आली, तिचा चेहरा बघून नमस्कार करून परत गेली.

"कोनतं काम हाय नयनचं?" शालूने विचारलं.

"सांगत नाय. परद्यामागं असंल." शेवंतीने पदर सावरला. "तू बग फक्त. चहा यायच्या आधी सांगते कोन ते."

माइकवरच्या मुलीने सांगितलं की कोणतं पात्र कोण करतंय हे नाटक संपल्यावरच जाहीर होईल. मग पडदा उघडला आणि नाट्यगृहात एकदम शिट्ट्या वाजल्या. स्टेजवर हळदीचा मांडव होता! झेंडूच्या माळा, पिवळे पिवळे नवरीचे हात, बाजूला बॅन्जो पार्टी. समोर बसलेल्या निम्म्या बाया अशाच हळदींत रात्र रात्र नाचलेल्या होत्या, त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत ताल धरला.

बॅन्जो पार्टीचा मालक रतनशेठ म्हणजे पोटाला उशी बांधलेला नववीतला एक मुलगा होता. त्याचा घसा बसला होता. तरी तो बोलायचा थांबत नव्हता. नवरीच्या धाकट्या बहिणीने दोन ओळी गायल्या तसा तो उडालाच. "ह्या पोरीला माझ्या पार्टीत द्या! गाजवेल ती!" एवढ्यात जेवणाची हाक आली, सगळे मटण-भाकरीवर तुटून पडायला पंगतीला गेले. घसा दुखतो म्हणून रतनशेठ एकटा मांडवामागे राहिला. दिवे गेले. दिवे आले तेव्हा तो उशीसकट आडवा पडलेला होता, आणि हाताशी रिकामा पेला.

"पेल्यातून दिलं कायतरी," शालू कुजबुजली.

"ते लहान पोरालाही दिसतंय," शेवंती म्हणाली. "देनारा बगायचा."

इन्स्पेक्टर आली. ती नयनची मैत्रीण कृतिका होती, हे शेवंतीने मिशी लावलेली असूनही ओळखलं. कृतिकाने पट्टा वर ओढून फर्मावलं, "पंगत बसली तेव्हा जो पंगतीत नव्हता, त्यानेच पेला दिला. बोला, कोण कुठे होतं?"

नवरीचा मामा म्हणाला, मी पंगतीतच होतो, माझ्या पानासमोरची हाडं मोजा. त्यावर हशा पिकला. रतनशेठ ज्याला सोलो वाजवू देत नसे तो ढोलकीवाला म्हणाला, मीही पंगतीत होतो, पण त्याला तिथे बघितलेलं कुणी नव्हतं, आणि तो सारखा कपाळ पुसत होता. शेवंतीने मान डोलावली. आणि मग आतून नवरीची आजी आली.

नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, पावडर फासून पांढरे केलेले केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कमरेला किल्ल्या आणि एक हात कायम कमरेवर. इन्स्पेक्टर बसायला गेली तशी आजी खेकसली, "त्या खुर्चीत नको! ती जावयाची." इन्स्पेक्टर उठली. "ह्यात बी नको. ही माजी." शेवटी इन्स्पेक्टर ढोलकीवर बसली.

लुगडं शेवंतीचंच होतं, ट्रंकेतलं. आवाजही तिचाच होता.

"अगो, ही तं तूच!" शालूने तिला कोपर मारलं. "आनि ती आपली नयन!"

शेवंतीची छाती फुगली. पोरीने चाल उचलली होती, मान उचलली होती, बोलता बोलता समोरच्याची कॉलर नीट करायची सवयसुद्धा उचलली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी बाई म्हणाली, आमच्या सासूबाई डिट्टो अशाच, आणि शेवंतीने मागे वळून तिच्याकडे कौतुकाने बघितलं. आपल्यावर अख्खं नाट्यगृह हसतंय याचं तिला काही वाटलं नाही. उलट, आपण एवढ्या लोकांना आवडतो हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, असं वाटलं.

"आजी, तुम्ही होतात पंगतीला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मी कशी असेन पंगतीला? माजी संकष्टी! मी देवघरात." आजीने असा काही मानेला झटका दिला की लोक पुन्हा हसले.

सगळ्यात मोठ्याने शेवंती हसली. कारण कुणाच्या घरचं जेवण मनात नसलं की शेवंतीला उपवास असतो, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तिला तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पोरीने तेही उचललं होतं! हसता हसता तिने डोळे पुसले. रांगेच्या टोकाला बसलेली विनिता मात्र हसली नाही. तिने एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि मग मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली.

मध्यंतर झालं. साईनाथ सर पडद्याच्या कडेने बाहेर येतात तोच शेवंतीने त्यांना गाठलं.

"सर, ढोलकीवाला."

दाढी वाढलेले, आवाज बसलेले ते सर हसले. "नक्की ना, आजी?"

"घाम फुटलेला त्याला. पंगतीत त्याला कोनी बगितला नाय. त्याला सोलो वाजवून देत नव्हता रतनशेठ, त्याचा राग." तिने हात झटकले. "पोरा चांगली तयार केलीत तुम्ही. पन खुनी लपवाया आनखी शिकवा."

चहाच्या रांगेत तिने हाच निकाल आणखी चार बायांना ऐकवला. आता तिला नयनची जरा दयाही यायला लागली होती. एवढं छान काम केलं पोरीने, आणि पैज हरणार. हरलेल्याला काहीतरी दिलं पाहिजे. तिने मनात कानातल्या झुमक्यांचा जोड ठरवूनही टाकला.

"आई," विनिता चहाचा कप पुढे करत म्हणाली आणि थांबली.

"काय गो?"

"काही नाही. साखर कमी आहे."

दुसरा अंक सुरू झाला आणि ढोलकीवाल्याने सगळ्यांच्या देखत रडत कबूल केलं की तो पंगतीत नव्हता. तो मांडवामागच्या गल्लीत हळदीला आलेल्या एका मुलीशी फोनवर बोलत होता. मुलगी पुढे आली, फोन दाखवला, मामाने ढोलकीवाल्याला एक थोबाडीत दिली आणि प्रकरण मिटलं.

"खोटं बोलतोय," शेवंती म्हणाली. पण ते तिने जरा हळू म्हटलं.

इन्स्पेक्टर स्टेजभर फेऱ्या मारत होती. मग ती आजीसमोर थांबली.

"आजी, त्या दिवशी तुमची संकष्टी होती?"

"सांगितला ना. होती."

"आणि त्याच दिवशी तुमच्या घरी हळदीला मटण शिजलं?"

आजीने चष्मा वर सरकवला.

"तुमच्या गावात संकष्टीला कुणाच्या घरी मटण शिजतं का, आजी? संकष्टीला कुणी हळद तरी लावतं का? अख्खी पंगत मटण जेवली. म्हणजे त्या दिवशी संकष्टी नव्हतीच. मग पंगत सोडून तुम्ही कुठे होतात?"

नाट्यगृहातल्या बायांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट! हळदीची तारीख काढताना पहिली बघतात ती संकष्टीच. गावात कुणाच्याही घरी कार्य ठरलं की कॅलेंडर घेऊन लोक शेवंतीकडे येतात, आणि ती बोट ठेवून सांगते, हा दिवस नको, मटण शिजायचं नाय. तीच शेवंती पहिल्या रांगेत बसून ते वाक्य ऐकून खदखदून हसली होती.

स्टेजवर नयनने कमरेवरचा हात काढला. चष्मा काढला. आवाज शेवंतीचाच ठेवला, पण त्यातला तोरा गेला होता.

"मना त्याला मारायचा नव्हता, साहेब. घशासाठी काढा मागला त्यानी. मी त्यात पाला घातला, आवाज बसायचा पाला. जास्त पडला. आवाजच बंद करायचा होता फक्त." ती खाली बसली. "माज्या नातीला न्यायला निघाला होता. मी नाय बोलले. तो बोलला, का? मना उत्तर नाय आलं. एवढ्या वर्षांत मना कोनी विचारलंच नव्हतं. मंग उत्तर शोधायच्या जागी मी विचारनाराच गप्प केला."

कुणी हसलं नाही. मागे कुणाचं तरी बाळ किरकिरलं, तेवढंच.

शेवंतीच्या कानशिलात आधी जाळ झाला. चारचौघांत आपलं नाक कापलं पोरीने, हा पहिला विचार. उठून जावं, हा दुसरा. पण ती बसून राहिली. कारण राग येत होता तो नयनचा कमी आणि स्वतःचा जास्त. पहिल्या अंकात मनातल्या मनात मामावर संशय घेतला, ढोलकीवाल्यावर घेतला, बाकीच्या बॅन्जोवाल्यांवरसुद्धा घेऊन झाला होता. त्या म्हातारीवर एक क्षणही घेतला नाही. आपण चुकतोय असं आयुष्यात कधी तिच्या मनात आलं नव्हतं, मग आपल्यासारखी दिसणारी बाई चुकली असेल हे कुठून येणार! तिला लाज वाटली. भरल्या नाट्यगृहात, पहिल्या रांगेत, गळ्यात पुतळ्यांची माळ घालून तिला लाज वाटली.

टाळ्यांचा गजर झाला. माइकवरच्या मुलीने नावं वाचली. "आजी, आणि आजीचे सगळे संवाद लिहिणारी, नयन गोविंदा भोईर." शालू उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेवंती विनिताकडे वळली.

"तुला कललेलं?"

"संकष्टी म्हणाली तेव्हाच."

"मंग बोललीस का नाय मना?"

विनिताने मांडीवरची पर्स खांद्याला लावली. "तुम्ही विचारलंत कुठे, आई?"

शेवंती पदर खोचून उठली.

मेकअपसाठी दिलेल्या वर्गात मुलं एकमेकांच्या मिशा उपटत होती, मोठमोठ्याने हसत होती. दारात शेवंती दिसताच सगळी गप्प झाली. साईनाथ सर घाईने पुढे आले.

"आजी, खरं सांगू? माझ्या कच्च्या आराखड्यात ढोलकीवालाच खुनी होता. तुम्ही बरोबर ओळखलेलं. पण आमच्याकडे आपलं पात्र ज्याचं त्याने लिहायचं असतं, ही माझी पद्धत आहे. नयन म्हणाली, ढोलकीवाल्याने मारलं तर कुणाला काय वाटणार आहे? मला उत्तर देता आलं नाही."

"तुमाला बी नाय आलं?" शेवंती म्हणाली.

"नाही आलं."

त्यांनी मुलांना समोसे खायला बाहेर पाठवलं. नयन बाकावर बसून केसांतल्या पिना काढत होती. एक पीन अडकली होती. शेवंतीने मागे जाऊन ती सोडवली, मग दुसरी. विनिता दाराशी उभी राहिली.

"रागावलीस?" नयनने विचारलं.

"हो. लय रागावले."

"मला वाटलंच."

"मी तशी हाय? खरं सांग."

"मध्यंतरापर्यंतची तूच आहेस," नयन म्हणाली. "लोकांना किती आवडलीस, बघितलंस ना? पुढची मी घाबरून लिहिली."

"मना घाबरतेस तू?"

"तुला नाही. तू माझ्याशी बोलायची बंद झालीस तर, त्याला." तिने मान खाली घातली नाही. "मला जायचंय आजी. खूप जायचंय. आणि मी पैज जिंकलीय."

शेवंतीने पिना बाकावर ओळीने ठेवल्या. पावडर झटकता झटकता तिचे हात पांढरे झाले होते. पोरगी समोर बसली होती, अजून आजीच्या लुगड्यात, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती आणि तिच्यापेक्षा मोठा हट्ट होता. शेवंतीला तिचा अभिमान वाटला.

"शनिवारी किती वाजता असतं ते?"

"चार वाजता."

"बरं. मी येते सोडाया. त्या सरांना बी सांगते, मुली लवकर सोडत जा म्हनून. बसायला जागा कशी हाय तेही बगते, आनि डबा मी..."

"नको, आजी." नयन उठून उभी राहिली. "मी एकटी जाणार."

शेवंतीकडे ह्यावर बरंच बोलण्यासारखं होतं. पोरीचं वय, स्टेशनवरची गर्दी, रविवारची संध्याकाळ, तिच्या वयाची असताना शेवंती स्वतः खाडीपलीकडे कधी एकटी गेली नव्हती ही गोष्ट. सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. नयन वाट बघत होती, 'नाही' ऐकायच्या तयारीने ओठ घट्ट मिटून.

शेवंतीने दाराकडे बघितलं. तिथे ह्या पोरीची आई उभी होती, एवढी वर्षं घरात असलेली, आणि कुणीतरी दारात आडवं आल्यावर थांबावं तशी बाहेरच थांबलेली.

"विनिता, आत ये गो," शेवंती म्हणाली. "तुला काय वाटतं? एकटी जाऊ दे हिला?"

विनिता आत आली. तिने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला आणि शेवंतीने तो घेऊ दिला.

"जाऊ दे," विनिता म्हणाली.

"मंग जा," शेवंती नातीला म्हणाली.